साहेब, पुन्हा एकदा!

शनिवार, २ मार्च

मिळालं! काम मिळालं! नगरपरिषदेच्या सभा आता लोकांना घरबसल्या मोबाईलवर थेट दिसणार, आणि त्या दाखवणार कोण, तर अस्मादिक. जन्मभर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले, आता कारभाराचा काढणार.

अध्यक्षांनी स्वतः बोलावून सांगितलं. त्यांच्या मुलीचं लग्न मीच शूट केलं होतं. मुलीचा हात धरून हॉलमध्ये येताना ते सारखे स्वतःच्या बुटांकडे बघत होते, म्हणून मी "साहेब, पुन्हा एकदा!" करत त्यांना दारापर्यंत परत पाठवत राहिलो. एवढा मोठा माणूस, पण प्रत्येक वेळी गुपचूप मागे गेला आणि पुन्हा आला. कॅमेऱ्यासमोर भले भले गरीब होतात, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या तीन सभा प्रयोग म्हणून. लोकांनी बघितल्या तर काम पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा. कॅमेरा एकच, तोही माझाच. चालेल. एका कॅमेऱ्यात मी अख्खी वरात बसवून दाखवली आहे.

घरी ताईला दोनदा ओरडून सांगावं लागलं. कान गेल्यापासून माझी ही मोठी बहीण बोलणाऱ्याचे ओठ वाचते, आणि आनंदात मी तोंडावर हात ठेवून बोलत होतो म्हणे. कळल्यावर तिने माझी पाठ अशी थोपटली की अजून दुखते आहे.

बायको दवाखान्यातून आली ती दमलेलीच. आमच्या रस्त्याच्या टोकाला नगरपरिषदेचा छोटा दवाखाना आहे, तिथे ती आमच्या लग्नाच्या आधीपासून नर्स आहे. माझी बातमी ऐकून हसली, बरं वाटलं. पण लगेच म्हणाली, "मग तुमच्या त्या अध्यक्षांना विचारा ना, आमचा दवाखाना बंद करणार आहेत का. सगळे कुजबुजतायत."

मी म्हटलं, "अगं, आजच्या दिवशी तरी नको ना तो विषय!"

बुधवार, ६ मार्च

पहिली सभा पार पडली!

सभागृह बघून आधी दबूनच गेलो. उंच छत, गोलाकार मांडलेली जुनी लाकडी बाकं, प्रत्येकासमोर लाल दिव्याचा माईक. अध्यक्षांच्या खुर्चीची पाठ मात्र इतकी उंच की साहेब तिच्यात ठेवल्यासारखे दिसतात. मी त्यांच्याखाली दोन उशा सरकवल्या. वर लोकांसाठी सज्जा आहे, पण तिथे खुर्च्यांवर धुळीशिवाय कुणी बसलेलं नव्हतं.

अध्यक्षांनी सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघून झकास भाषण केलं. म्हणाले, "आजपासून बंद दाराआड काही नाही. जे कॅमेऱ्यात दिसेल तेच या सभेत झालं, असं समजा. हेच आपलं अधिकृत रेकॉर्ड." टाळ्या! सचिवांनी ते वाक्य तिथल्या तिथे ठराव म्हणून लिहूनही घेतलं. मी मागे हळूच व्हायोलिन सोडलं होतं. बेमालूम बसलं.

एक किरकोळ गडबड झाली. लग्नासाठी जुळवलेली चौकट काढायची राहिली होती, त्यामुळे विरोधी बाकांवरचे एक ज्येष्ठ सदस्य रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल चिडून बोलत असताना गुलाबी बदामात दिसत होते. लोकांना आवडलं. बघणाऱ्यांचा आकडा तेव्हाच सरसर वर गेला.

बाकी सभा म्हणजे काय ते आज कळलं. सचिव विषयाचा नुसता क्रमांक सांगतात. अध्यक्ष म्हणतात, "वाचला असे समजावे." सदस्य हाताने बाकं बडवतात. "मंजूर." पुढचा क्रमांक. चहा गार व्हायच्या आत सात-आठ विषय उरकले. सगळ्यात जोरात बडवतात ते एक धिप्पाड सदस्य, त्यांना सगळे बाकवालेच म्हणतात. ते झोपेतसुद्धा वेळेवर बडवतात, मी बघितलं. पद्धत म्हणून ठीक आहे, पण चित्र म्हणून अगदीच सपक. मंगळसूत्र न दाखवता लग्न उरकल्यासारखं वाटलं.

गुरुवार, ७ मार्च

ताईने माझं विमान जमिनीवर आणलं. म्हणे, "अरे, मला काय कळलं त्यातलं? कुणाचं टक्कल, कुणाची पाठ. माणसाचं तोंड दाखव की! ओठ दिसले नाहीत तर माझ्यासारखीने करायचं काय?"

बरोबर आहे तिचं. पुढच्या वेळी क्लोजअप. ज्याचं तोंड हलेल त्याच्यावर मी.

बायकोला विचारलं, कशी झाली सभा? म्हणाली, "मी ड्युटीवर होते." माझी पहिलीवहिली सभा आणि हिला ड्युटी. माझा चेहराच बोलला असणार.

मंगळवार, १९ मार्च

रंगीत तालीम म्हणून आज सभागृहात गेलो. हवा बदलली आहे. केस काळे करून आलेले सदस्य मोजायला गेलो तर बोटं पुरेनात. बाकवाल्यांनी नवा कोट शिवला आहे. म्हणाले, "आईने सांगितलं, टीव्हीवर दिसतोस तर नीट दिस." मी म्हटलं टीव्ही नाही, मोबाईल. म्हणाले, "तिला सगळा टीव्हीच." त्यांच्या आईच्या पायाची जखम भरत नाही, एरवी कुठे जाता येत नाही, म्हणून आता सभाच बघते. माझी प्रेक्षक!

अध्यक्षांच्या कॉलरला माईक लावता लावता सहज विचारून घेतलं, आमच्या रस्त्यावरच्या दवाखान्याचं काही आहे का. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, असलं काही असतं तर तुम्हाला आधी सांगितलं नसतं का?"

झालं! इतकं साधं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ताप बघायला थर्मामीटरऐवजी चमचा लावला. "आणि तुमचा विश्वास बसला," एवढंच म्हणाली. हिला माझा मोठ्या लोकांतला वावर सहन होत नाही की काय, देव जाणे.

बुधवार, २० मार्च

दुसरी सभा. क्लोजअप! क्लोजअप! काय चेहरे आहेत एकेक! अध्यक्षांच्या कपाळावरची घामाची रेघ, सचिवांच्या नाकावरून घसरणारा चष्मा, बाकवाल्यांची जांभई सुरू होण्यापासून संपेपर्यंत. आज बघणारे पहिल्या सभेच्या कितीतरी पट. व्हिडिओखाली लोक सारखे लिहीत होते आणि मी एका डोळ्याने ते वाचत होतो.

बहुतेक सगळे एकच विचारत होते: "काय मंजूर झालं?" "कसला विषय होता?" "अहो, मंजूर काय केलं?" म्हणजे आवाज पोचत नाही! माईक बदलायला हवा. मी मध्येच उठून अध्यक्षांचा माईक दोन बोटं वर केला, तरी पुढच्या विषयाला पुन्हा तेच: "काय मंजूर झालं?" बहुतेक तारच खराब आहे.

गुरुवार, २१ मार्च

ताई खूश! सगळ्यांची तोंडं दिसली म्हणे. इतकी नीट, की जे माईक बंद करून बोलत होते त्यांचंही तिने वाचलं. चहाच्या वेळी अध्यक्ष शेजारच्याला सांगत होते, "दवाखान्याचं पुढच्या वेळी. सगळ्यात शेवटी घेऊ, कंटाळलेले असतात."

मी म्हटलं, असेल घरी कुणी आजारी. मोठ्या माणसांनाही दुखणी असतात.

ताईने कपाळावर हात मारला आणि उठून हिच्याकडे गेली. दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. मी आत डोकावलो तर गप्प झाल्या. घरात माझ्याविरुद्ध आघाडी उघडली गेली आहे. मी नवी तार आणायला गेलो.

सोमवार, १ एप्रिल

नव्या तारेचा आवाज खणखणीत येतो. पण मन लागत नाही, ते इथे लिहून टाकतो. परवा तिसरी सभा. लोक बघतायत, तेव्हा काम राहील असं वाटतं. तरी खात्री नाही. मला हे काम फार म्हणजे फार आवडायला लागलं आहे. लग्नात सगळे हसायचं ठरवूनच आलेले असतात. इथे कुणाचा चेहरा कधी काय सांगेल याचा नेम नाही. या वयात एखादी गोष्ट इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.

बायको बोलत नाही असं नाही, पण बोलते ती मिठाचा डबा कुठे आहे इतकंच. आज बाकवाल्यांच्या आईची पट्टी बदलायला तिच्या घरी जाऊन आली. दवाखान्यात येणं त्या बाईंना आता जमत नाही. मी म्हटलं, घरी जाणं तुझं काम आहे का? म्हणाली, "दवाखानाच उचलून नदीपलीकडे नेला तर त्या बाई काय पोहत येणार आहेत?"

मी पुन्हा सांगितलं की अध्यक्षांनी मला शब्द दिला आहे.

ती म्हणाली, "अहो, दिवसभर तुम्ही त्यांच्या तोंडावर कॅमेरा लावून बसता. कधी बघितलंत का त्यांच्याकडे?"

मी तर दुसरं काही करतच नाही.

बुधवार, ३ एप्रिल

कुठून सुरुवात करू? नीट क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सभागृहात शिरलो तर वरच्या सज्ज्यात माणसं! धूळ झटकून बसलेली. काठी टेकवून म्हातारे, मांडीवर पोरं घेतलेल्या बायका. मला वाटलं, माझी कीर्ती पसरली. थेट बघायचं ते थेटच बघू म्हणून आले असतील. मी वर बघून हात हलवला. एका आजोबांनी उलट हलवला.

सभा लांबली. आज अध्यक्षांनी प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर सगळ्यांना बोलू दिलं. बागेतल्या बाकांना कुठला रंग द्यायचा यावर दोघांची हमरीतुमरी झाली. लोक पेंगायला लागले. बघणाऱ्यांचा आकडाही हळूहळू उतरायला लागला आणि माझा जीव खालीवर. शेवटचाच दिवस, आणि चित्रात नुसत्या जांभया! मी काहीतरी चांगलं दिसतंय का म्हणून कॅमेरा सगळीकडे फिरवत होतो. फिरवत फिरवत सज्ज्यावर नेला.

तिथे, दुसऱ्या रांगेत, ही बसली होती.

दवाखान्यातल्या पांढऱ्या कपड्यांत, ड्युटीवरून तशीच आलेली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. ही कधी माझं काम बघायला आली नव्हती. मी क्लोजअप घेतला. खिडकीतून उजेड बरोबर तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता, तसा उजेड मी नवऱ्या मुलींसाठी तासतास दिवे लावून मिळवायचो आणि मिळायचा नाही. किती दमली आहे ही. कानाजवळचे केस कधी पिकले? आणि डोळे असे रोखलेले, की एखाद्या पेशंटची नाडी लागत नाहीये आणि हात सोडायचा नाहीये. मी बघतच राहिलो. म्हणजे, चित्र फारच सुंदर होतं.

तेवढ्यात बाकं बडवल्याचा दणका. सज्ज्यातल्या बायका एकदम उभ्या राहिल्या. हिचा हात तोंडावर गेला.

काहीतरी महत्त्वाचं होऊन गेलं आणि मी ते घेतलंच नाही! आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठा गुन्हा नाही. मी कॅमेरा गर्रकन अध्यक्षांवर आणला आणि तोंडातून आपोआप गेलं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं: "साहेब, पुन्हा एकदा!"

अध्यक्ष अर्धवट उठले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय सांगू, तोच चेहरा! मुलीच्या लग्नातला! गुपचूप उशांवर परत बसले आणि म्हणाले, "हं, विषय क्रमांक बारा. वाचला असे समजावे."

"असं नाही साहेब," मी म्हटलं, कारण आता बिघडलेलं नीट करायचंच होतं. "मान वर. आणि वाचा ना जरा! माझ्या ताईला ऐकू येत नाही, ओठ दिसले पाहिजेत."

अध्यक्षांनी चष्मा लावला. त्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं असं आता लिहिताना वाटतं, पण कॅमेऱ्यात बघत वाचायला लागलं की माणूस वाचतच जातो. "जुन्या रस्त्यालगतचा दवाखाना बंद करून," त्यांनी वाचलं, खणखणीत, नव्या तारेतून, "सदर जागा वाहनतळासाठी देणे आणि तेथील रुग्णांनी... रुग्णांनी नदीपलीकडील..."

इथे ते थांबले. आणि इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. खांद्यावर हात ठेवून मला काय सांगितलं होतं यांनी! ताईने ओठ वाचून सांगितलं आणि मी तार आणायला गेलो होतो! संतापाने कानशिलं तापली, पण हात कॅमेऱ्यावर होते, आणि हातांना त्यांचं काम येतं.

"आता बाकीच्यांनी पुन्हा, एकेकाने," मी म्हटलं. "बडवून नको, नुसता आवाज येतो. हात वर करा, म्हणजे दिसेल." आणि कॅमेरा फिरवला, अगदी हळू, एकेका चेहऱ्यावर थांबत.

कुणी कागद चाळत होता, कुणाला एकदम तहान लागली होती. बाकवाल्यांवर आलो. हात उचललेला होता, सवयीचा, खांद्यापर्यंत. तो तिथेच थांबला. त्यांनी विचारलं, "जुन्या रस्त्यालगतचा म्हणजे? आमच्या आईचा दवाखाना?"

सचिवांनी मान डोलावली.

त्यांनी थेट कॅमेऱ्यात बघितलं. तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "आई, बघतीयेस का?" आणि हात खाली घेतला. नुसता खाली नाही, मांडीखाली दाबून ठेवला.

मग कुणाचाच वर जाईना. अध्यक्षांच्या शेजारच्यांचे तेवढे दोन हात वर गेले, आणि मी त्यांच्याकडे लेन्स नेल्यावर त्यातला एक डोकं खाजवायला लागला.

दोघांतले दुसरे उसळून म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे? मघाशी मंजूर झालेलं आहे!"

तेव्हा सचिव उठले. चष्मा वर सरकवला. म्हणाले, "मघाचं रेकॉर्डमध्ये दिसणार नाही. मघाशी कॅमेरा वर होता. जे कॅमेऱ्यात दिसेल तेच सभेत झालं, असा या सभागृहाचा ठराव आहे." आणि अध्यक्षांकडे वळून, "आपलेच शब्द आहेत साहेब."

अध्यक्षांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, सज्ज्याकडे बघितलं, पुन्हा कॅमेऱ्याकडे. "नामंजूर," म्हणाले, आणि मान खाली घालून बुटांकडे बघायला लागले.

सज्ज्यात जो कल्लोळ झाला तो माझ्या नव्या माईकला झेपला नाही. आजोबा काठीने कठडा बडवत होते. मी कॅमेरा वर नेला नाही, डोळ्यांनीच बघितलं. सगळ्या बायका हिला मिठ्या मारत होत्या, आणि ही मात्र त्यांच्या खांद्यावरून खाली, माझ्याकडे बघत होती.

शुक्रवार, ५ एप्रिल

अध्यक्षांचं बोलावणं. मी मनातल्या मनात गाशा गुंडाळूनच गेलो. जाताना ठरवलं होतं, नोकरी गेली तरी त्या शब्दाबद्दल विचारायचं. विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राजकारणात तसं म्हणावं लागतं हो." मी म्हटलं, "मला नका म्हणू साहेब. मी तुमच्या मुलीचं लग्न काढलंय." त्यांचा चेहरा पडला. तो क्लोजअप माझ्याजवळच राहील.

आणि काम? काम कायम! आता बंद केलं तर लोक दारात येऊन बसतील, असं त्यांनीच सांगितलं. अट एक: यापुढे "पुन्हा एकदा" नाही. आणि लोकांच्या आग्रहाखातर प्रत्येक विषय आधी पूर्ण वाचायचा. तार खराब नव्हती, हेही आता माझ्या लक्षात आलं आहे. जुनी तार दुकानदार परत घेत नाही.

सचिवांनी कालच सगळे जुने विषय घरी मोठ्याने वाचून सराव केला आणि घसा बसवून घेतला. आज सकाळी औषधाला आले होते, आमच्याच दवाखान्यात. हिने दिलं. म्हणाली, "गरम पाणी प्या आणि असंच वाचत राहा."

रविवार, ७ एप्रिल

गावभर झालं आहे की मी हे सगळं ठरवून केलं. चहावाला चहाचे पैसे घेत नाही. बाकवाल्यांच्या आईने माझ्यासाठी आशीर्वाद पाठवले. मी कुणाला नाही म्हणत नाही, नुसता गालात हसतो. पण हिला खोटं सांगवेना. दुपारी ताई डुलकी घेत होती, तेव्हा म्हटलं, "अगं, मी काही ठरवलं नव्हतं. मला बारावा विषय काय होता तेसुद्धा माहीत नव्हतं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. मोबाईलवर बुधवारची सभा लावून बसली होती. बागेतल्या बाकांचा रंग, जांभया, सगळं भराभर पुढे ढकललं, आणि सज्जा आल्यावर सोडलं. पडद्यावर ती. नुसती ती. बाकं बडवली जाईपर्यंत, त्या सगळ्या वेळात दुसरं काहीच नाही.

"एवढा वेळ माझ्यावरच कशाला?" तिने विचारलं.

"फोकस लागत नव्हता," मी म्हटलं.

ती हसली. किती दिवसांनी हसली! मग मोबाईल माझ्या हातात दिला, खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली, आणि म्हणाली, "लावा. पुन्हा एकदा."